एका गॅलनचे तेवीस मैल

साहेबांनी मला बॉनेट उघडायला सांगितलं आणि स्वतः वाकून आत बघत राहिले, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. फोर्टात सॉलिसिटर, गिरगावात आजोबांच्या वेळेपासूनचं दुमजली घर. गाडी म्हणजे त्यांच्या लेखी मागची सीट आणि खिडकीची काच. तरी ते वाकले, थोडा वेळ बघितलं, सरळ झाले आणि रुमालाने हात पुसले. हात कशाला लागलाच नव्हता.

"पेट्रोल जातं कुठं?" त्यांनी विचारलं.

"कुठलं पेट्रोल, साहेब?"

"या गाडीचं. विकणारा म्हणाला होता, गॅलनला पस्तीस मैल. मी तीन महिने मीटर बघतोय. बावीस, तेवीस, फार तर चोवीस. बाकीचं पेट्रोल कुठं जातं?"

मी काय सांगणार? नवीन इंजिन आहे, अजून मोकळं व्हायचंय, गिरगावात दर दहा पावलांवर ब्रेक मारावा लागतो, असं काहीबाही बोललो. ते ऐकत होते, पण माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "तू लालबागेत राहतोस ना?"

नऊ वर्षं मी त्यांच्याकडे होतो. लालबागेत राहतो हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दिवशी ते का विचारलं, हे मला घरी जाईपर्यंत उमगलं नाही.

हे छप्पन्न सालच्या उन्हाळ्यातलं. त्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून सांगितलं गेलं आणि आमच्या भागात आगडोंब उसळला. रस्त्यावर टायर जळत होते, गोळ्या चालत होत्या, चार-पाच दिवस चाळीतल्या बायका पाण्यालासुद्धा खाली उतरल्या नाहीत. उन्हाळ्यापर्यंत सगळं निवल्यासारखं दिसत होतं, पण वरवर. मोर्चे निघतच होते. रात्री-अपरात्री पोलीस चाळीत येऊन कोणाला तरी उचलून नेत. आणि ज्याच्या हातात पेट्रोल आहे अशा माणसाकडे, म्हणजे ड्रायव्हर, क्लीनर, पंपावरचा पोऱ्या यांच्याकडे, ते वेगळ्याच नजरेने बघत.

साहेबांच्या मनात तेच होतं. मी पेट्रोल काढून विकतो एवढंच त्यांना वाटलं असतं, तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं आणि विषय संपला असता. त्यांना भीती होती ती त्यांचं पेट्रोल उद्या कुठल्या तरी जळत्या बसखाली सापडेल याची. स्वतः ते ना इकडचे ना तिकडचे. मुंबई कोणाची, ही गोष्ट घरात जेवताना निघाली की ते पाणी मागत. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या मात्र उघडपणे महाराष्ट्राच्या बाजूच्या. त्यावरून नवराबायकोत अबोला झालेला मी गाडी चालवताना आरशात पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टाकीला कुलूपवालं झाकण बसवून घेतलं. किल्ली त्यांच्या जानव्याला. पेट्रोल भरायचं असलं की ते पंपावर खाली उतरत, कुलूप उघडत, पुन्हा लावत आणि दोनदा ओढून बघत. पंपावरचे लोक माझ्याकडे बघून ओठ दाबून हसत.

आठ दिवस गेले. मीटरचा आकडा तोच. मला वाटलं, चला, सुटलो. आता तरी यांची खात्री पटेल. झालं उलटंच.

"टाकीला खालून बोल्ट असतो म्हणे," साहेब म्हणाले. "तिथून काढता येतं. मी चौकशी केली." मग म्हणाले, "पुढच्या सोमवारपर्यंत मला खरं काय ते सांग. नाहीतर पोलिसांच्या कानावर घालावं लागेल. उद्या काही झालं तर माझं नाव यात नको."

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन ताट तसंच सरकवलं. बायकोने विचारलं, "काय झाला ता सांगा." मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी चोरलास नाय मा? मग भियाक कित्याक व्हया?"

तिला काय सांगणार, की न चोरणारासुद्धा पोलीस चौकीत गेल्यावर चोरच दिसतो? आणि आणखी एक गोष्ट होती, ती मी तिलाही सांगितली नव्हती. जानेवारीत, ऐन गडबडीत, आमच्याच मजल्यावरचा एक विणकर, माझ्या शेजारच्या गावचा, दोन रिकाम्या बाटल्या घेऊन माझ्याकडे आला होता. "साहेबाच्या गाडयेतलां वाईच पेट्रोल दी," म्हणाला. मी नाही म्हटलं. तो जिन्यात थुंकला आणि म्हणाला, "तू साहेबाचोच." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. म्हणजे चाळीत मी साहेबाचा माणूस, आणि साहेबांच्या घरी चाळीचा.

दोन दिवसांनी बाईंना दादरला त्यांच्या बहिणीकडे सोडायला निघालो होतो. भायखळ्याचा पूल उतरताना त्या मागून म्हणाल्या, "गाडीबरोबर एक पुस्तक आलं होतं. ते तू वाचलंस?"

"इंग्रजी आहे, बाई."

"कुठं आहे?"

ते समोरच्या खणात फडक्याखाली होतं. मी काढून दिलं. दादरला पोचेपर्यंत त्या वाचत होत्या. बहिणीच्या दारात गाडी थांबली तरी उतरल्या नाहीत. "या गाडीला तू कुठलं ऑईल घालतोस?"

"पन्नास नंबर."

"इथं तर वेगळंच लिहिलंय. उन्हाळ्यात तीस, थंडीत वीस." त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द मला मराठीत करून सांगितला. "याहून जाड ऑईल वापरू नये, इंजिनावर भार पडतो आणि पेट्रोल जास्त लागतं. असं स्पष्ट लिहिलंय."

माझ्या कानशिलात गरम वाफ आल्यासारखं झालं. आधीची गाडी लढाईपूर्वीची, आठ सिलिंडरची, पलंगाएवढी. तिचं इंजिन इतकं झिजलेलं की पन्नास नंबरचं, काकवीसारखं जाड ऑईलच तिच्यात टिकायचं. पातळ घातलं की धूर होऊन जायचं. मला गाडी शिकवणाऱ्या उस्तादाने एकच मंत्र दिला होता, ऑईल जाड तर इंजिन धड. म्हणून ही नवी छोटी गाडी आली, पहिल्यांदा ऑईल बदलायची वेळ आली, तेव्हा पंपावरचा माणूस तीस नंबरचा डबा घेऊन आला तर मी त्याला परत पाठवलं होतं. "हे काय पाणी घालतोस?" असं चारचौघांत म्हटलं होतं.

म्हणजे पेट्रोल मी चोरत नव्हतो, पण घालवत मीच होतो.

पहिला विचार आला तो लपवण्याचा. उद्याच गुपचूप ऑईल बदलावं, ॲव्हरेज वाढेल, साहेब गप्प बसतील. पण मग ध्यानात आलं, की तीच फसण्याची जागा. पोलिसांचं नाव काढल्याबरोबर पेट्रोल पुरायला लागलं, तर साहेब काय समजणार? चोर घाबरला. इंजिन सुधारलं तर मी चोर, न सुधारलं तरी मी चोर. ती रात्र मी डोळे उघडे ठेवून काढली.

सकाळी साहेब कचेरीला निघायच्या आधी मी वर गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ऑईल मी हट्टाने चुकीचं घातलं. पंपवाल्याने सांगूनही ऐकलं नाही.

साहेब टाय बांधत होते. "म्हणजे ही नवीन सबब," म्हणाले.

"साहेब, ऑईल मी आज बदलणार नाही. आहे तशीच गाडी घेऊन जाऊ या. तुम्ही पुढं माझ्या शेजारी बसा. टाकीची नळी काढून ठेवतो, एका टिनमध्ये बरोबर एक गॅलन घेऊ, त्यातून रबरी नळी इंजिनला देऊ. टिन तुमच्या पायाशी. पेट्रोल संपेपर्यंत चालवू. किती मैल होतात ते तुम्हीच बघा."

टायची गाठ अर्धी राहिली. बाई दारात उभ्या होत्या. "वकिलाला पुरावा देतोय तो," त्या म्हणाल्या. "घ्या की."

रविवारी सकाळी सातला निघालो. पंपावर साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांदेखत मापाने टिन भरून घेतलं आणि दोन पायांत धरलं. नळी डॅशबोर्डाखालच्या भोकातून आत सोडली होती. गाडीत पेट्रोलचा वास कोंडला म्हणून सगळ्या काचा खाली केल्या. साहेबांना तासाला तीन सिगारेटी लागत, त्या दिवशी एकही ओढता येईना. ते नुसते खिशावर हात ठेवून बसले होते.

गिरगाव ते दादर पाच मैल, परत पाच. मी नेहमीसारखीच गाडी चालवत होतो, ना हळू, ना जोरात. जरा सांभाळून चालवली असती तर तीही लबाडी ठरली असती. साहेब एकदा मीटरकडे बघत, एकदा टिनमध्ये डोकावत. एक फेरी झाली. दुसरी झाली. वीस मैल. टिनच्या तळाशी चार बोटं पेट्रोल उरलं होतं. पुन्हा दादरच्या दिशेने निघालो. भायखळा गेलं. आणि लालबागेत, माझ्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबलं.

"तेवीस," साहेब म्हणाले.

मी मान वर केली. पोलिसांची गाडी रस्त्याकडेला उभी होती, आठ-दहा पिवळ्या टोपीवाले शिपाई काठ्या घेऊन उभे. परळच्या बाजूने घोषणा ऐकू येत होत्या. त्या दिवशी मोर्चा होता. हे मला माहीत असायला हवं होतं. पण चाळीत माझ्याशी बोलत कोण होतं, सांगायला?

मी पान्हा घेऊन उतरलो. टाकीची नळी पुन्हा इंजिनच्या पंपाला जोडायला दहा मिनिटं पुरे होती. बॉनेट उघडलं तोच मागून आवाज आला, "ए, काय चाललंय?"

फौजदार होता, तरुण. त्याने बॉनेटमधून आत जाणारी रबरी नळी बघितली, तिच्या मागे मागे दारापाशी गेला, आणि साहेबांच्या पायांतलं टिन बघितलं. नाक हुंगलं. मग माझ्याकडे वळला.

"राहतोस कुठं?"

"इथंच." मी चाळीकडे बोट केलं. खोटं सांगून उपयोग नव्हता.

"मोर्च्याच्या दिवशी, मोर्च्याच्या रस्त्यावर, पेट्रोलचं टिन घेऊन? चल गाडीत बस. त्या गाडीत."

एका शिपायाने माझा दंड धरला. हातातला पान्हा त्याने काढून घेतला तेव्हा कळलं की तो मी किती घट्ट धरला होता. मी साहेबांकडे बघितलं नाही. माझं नाव यात नको, असं म्हणालेला माणूस तो. त्याला आता नुसतं गप्प बसायचं होतं. मला पोलिसांकडे द्यायला त्याला सोमवारपर्यंत थांबायचीही गरज उरली नव्हती.

दार उघडल्याचा आवाज झाला. साहेब उतरले. विजारीवर पेट्रोलचा डाग पडला होता.

"टिन माझं आहे," ते म्हणाले.

"तुम्ही कोण?"

त्यांनी खिशातून कार्ड काढून दिलं. फौजदाराचा आवाज खाली आला, पण संशय गेला नाही. त्याने टिन उचलून उलटं केलं. दोन थेंब पडले. "हे रिकामं आहे. यातलं पेट्रोल गेलं कुठं?"

हाच प्रश्न. साहेबांनी घसा साफ केला. मला वाटलं ते अडखळणार. पण ते कोर्टात बोलतात तसं, एकेक शब्द तोडून बोलले. "जळलं. इंजिनात जळलं. गिरगावातून निघाल्यापासून हे टिन माझ्या पायांतून हललेलं नाही. माझी गाडी पेट्रोल फार खाते, त्याची आम्ही परीक्षा घेत होतो. हा नऊ वर्षं माझ्याकडे आहे. याने थेंबभर पेट्रोल कुठं दिलेलं नाही. हे मी लिहून द्यायला तयार आहे."

शिपायाचा हात माझ्या दंडावरून निघाला. तोवर मोर्चा समोर येऊन ठेपला होता आणि आमची गाडी बरोबर मध्ये. फौजदार ओरडला, "आधी ती बाजूला घ्या!"

पुढच्या रांगेत दंडाला फीत बांधलेला माझ्या मजल्यावरचा तोच विणकर होता. त्याने आम्हा सगळ्यांना एका नजरेत पाहिलं. तिघाचौघांना हाक मारली आणि गाडीला मागून खांदा लावला. माझ्या शेजारून ढकलताना म्हणाला, "साहेबाकपण मोर्च्यात घेवन इलंस काय रे?" पाच महिन्यांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला होता. साहेब गाडीच्या बाजूने चालत होते, एक हात दारावर ठेवून. तो हात ढकलत होता की नुसता आधाराला होता, ते मला सांगता येणार नाही.

नळी जोडून परतलो तेव्हा साहेब मागे न बसता पुढेच बसले. ओपेरा हाऊसपाशी म्हणाले, "आता ते ऑईल बदल."

दुसऱ्याच दिवशी बदललं. इंजिन गरम असताना खालचा बोल्ट काढला, जुनं काळं ऑईल दोरीसारखं परातीत पडत राहिलं, संपेचना. पंपावरच्या त्याच माणसाने तीस नंबरचा डबा फोडला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. गाडीची तपासणीही त्यानेच केली. "नुसत्या ऑईलने एवढा फरक पडत नाही," म्हणाला. "दोन-तीन मैल, बस." मग त्याने चोकची, म्हणजे गार इंजिनाला जादा पेट्रोल देणाऱ्या झडपेची, तार दाखवली. मी बटण आत ढकलत होतो, पण तार मध्येच अडकून चोक अर्धा ओढलेलाच राहत होता. खरी पेट्रोल पिणारी तीच. जाड ऑईलमुळे सकाळी इंजिन लवकर उठायचं नाही, म्हणून मी रोज चोक जोरजोरात ओढायचो, त्यातच ती तार वाकली असणार. टायरांत हवाही कमी होती. आणि पाय क्लचवर ठेवून गाडी चालवायची माझी सवय, तीही त्याने बोलून दाखवली.

पातळ ऑईल घातल्यावर पहिला आठवडा माझा जीव टांगणीला होता. इंजिनाचा आवाज जरा उघडा, टकटकीत वाटायचा. चढावर गेलो की वाटायचं, आता बसलं, आता जाम झालं. दिवसातून चारदा ऑईलची पट्टी काढून बोटावर चोळून बघायचो. काही झालं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा टिन घेऊन निघालो. या वेळी साहेबांनी आधी वर्तमानपत्र बघून मोर्चा कुठे नाही याची खात्री केली. एकतीस मैल आणि वर थोडं. पस्तीस कधीच झाले नाहीत. ते विकणाऱ्याचे पस्तीस होते.

टाकीची किल्ली साहेबांनी माझ्या हातात दिली, "असू दे तुझ्याकडे" म्हणून. पोलिसांचा विषय पुन्हा निघाला नाही. मला पगारवाढही झाली. पण 'चुकलो' हा शब्द त्यांनी काढला नाही, आणि ते माझ्या मनातून जाईना. ते पेट्रोलच्या काट्याकडे सहज जरी वाकले, तरी माझे हात चाकावर आवळायचे. दोन वर्षं मी तशी काढली. मग बसच्या नोकरीसाठी अर्ज केला, ती लागली.

सांगायला वर गेलो तेव्हा साहेब गॅलरीत बसले होते. "का चाललास?" म्हणाले. मी पेन्शनचं, युनिफॉर्मचं वगैरे सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "ते सोड. खरं सांग."

मी सांगितलं. "साहेब, त्या दिवशी तुम्ही फौजदाराला सगळं खरं सांगितलंत. मला मात्र कधीच काही बोलला नाहीत."

ते उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते कधी उठले नव्हते. "चुकलं माझं," म्हणाले. "तेव्हाच म्हणायला हवं होतं."

मी नमस्कार करून जिना उतरलो. खालच्या पायरीवर थोडा वेळ थांबावं लागलं, डोळ्यांसमोरचं नीट दिसेना. ते बोलले नसते तर मला जाणं सोपं गेलं असतं. पुढच्या सोमवारी मी डेपोत हजर झालो.